पिवळाधमक लाडू मागू नका

दसरा उलटला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय एकच होतो. एरवी लोक लोणच्याला बुरशी का आली, ढोकळा का बसला, असं काय काय विचारतात. या दिवसांत फक्त बेसनाचा लाडू. गृहविज्ञान महाविद्यालयात मी अन्नशास्त्र शिकवलं, तेव्हापासून हे प्रश्न ऐकते आहे. शब्द बदलतात, घोटाळा तोच असतो. यंदा कढई चढायच्या आत उत्तरं पोहोचावीत म्हणून आलेल्यांतले काही प्रश्न आजच घेते. मी डॉक्टर नाही. जिथे तब्येतीचा प्रश्न आहे तिथे मी पदार्थाबद्दल सांगेन, औषधाबद्दल नाही.

प्रश्न : माझे लाडू दिसायला छान होतात, पण टाळ्याला चिकटतात. घास उतरवायला पाणी प्यावं लागतं. साखर कमी पडते का? (नाशिक)

साखरेचा काही संबंध नाही. बेसन कच्चं राहतंय, आणि बहुतेक ते भज्यांचं बारीक बेसनही असणार. कच्च्या पिठाचा तोठरा बसणारच.

आधी पीठ बघा. लाडवाला रवाळ बेसन लागतं, चिमटीत धरलं तर कण जाणवला पाहिजे. हरभऱ्याची डाळ ओल्या फडक्याने पुसून उन्हात वाळवा, मंद आचेवर नुसती गरम होऊन खमंग वास येईपर्यंत भाजा, पूर्ण गार झाल्यावर गिरणीत ‘लाडवाचं, जाडसर’ असं बजावून दळून आणा. ते जमणार नसेल तर ‘लाडू बेसन’ म्हणून मिळतं ते घ्या.

अर्धा किलो बेसनाला 250 ग्रॅम साजूक तूप आणि 350 ग्रॅम पिठीसाखर हे माझं प्रमाण. जाड बुडाच्या कढईत तूप विरघळलं की बेसन घाला. सुरुवातीला ते सगळं तूप पिऊन टाकतं आणि जड गोळा होऊन बसतं, उलथनं ओढताना हात भरून येतो. नेमक्या याच वेळी बायका घाबरून आणखी तूप ओततात. ओतू नका. आच मंद ठेवा, हलवत राहा. पंधरा-वीस मिनिटांनी गोळा सैल व्हायला लागतो, मग उलथनं हलकं चालतं, आणि शेवटी बेसनाने प्यायलेलं तूप कडेने परत सुटतं. मिश्रण ओघळेल इतकं पातळ होतं, त्यावर बारीक बुडबुडे येतात. वास तोपर्यंत तीनदा बदललेला असतो : आधी डाळीचा कच्चा, मग भाजक्या चण्याचा, मग तो खमंग वास जो जिन्यात शेजाऱ्यांपर्यंत पोहोचतो. तिसरा वास आल्याशिवाय कढई उतरवायची नाही. अर्ध्या किलोला मला 40 ते 45 मिनिटं लागतात. तुमची कढई, तुमची आच वेगळी, म्हणून घड्याळापेक्षा नाकावर भरवसा ठेवा.

उतरवल्यावर दोन चमचे दुधाचा हबका मारा. मिश्रण फसफसून वर येतं, दाणा फुलतो आणि लाडू रवाळ होतो. फेस पूर्ण बसेपर्यंत हलवा, म्हणजे दुधातलं पाणी उडून जाईल. कढई उतरवल्यावरही लोखंड तापलेलंच असतं, तेव्हा पाच मिनिटं हात थांबवू नका. बरेच लाडू गॅस बंद केल्यानंतर करपतात.

कच्च्या बेसनाने पोटही फुगतं. डाळीच्या कच्च्या पिठात पचनाला अडथळा आणणारे घटक असतात, ते नीट भाजल्यावरच कमी होतात. घरात कुणाला दर दिवाळीत गॅस आणि जळजळ होत असेल तर लाडवावर खापर फोडून गप्प बसू नका, एकदा डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : मायक्रोवेव्हमध्ये बेसन भाजलं तर चालतं का? (ठाणे)

चालतं, पण अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने बाहेर काढून ढवळायची तयारी असेल तरच. नाहीतर एका जागी करपतं आणि दुसऱ्या जागी कच्चं राहतं.

प्रश्न : लाडू किती दिवस टिकतात? फ्रीजमध्ये ठेवावेत का? (सांगली)

नीट भाजलेले असतील आणि कोरड्या हाताने काढत असाल तर हवाबंद डब्यात तीन आठवडे. फ्रीज नको, बाहेर काढल्यावर लाडवाला पाणी सुटतं.

प्रश्न : मी मन लावून बेसन भाजते, पण माझे लाडू तपकिरीकडे झुकतात. दुकानातले लाडू कसे पिवळेधमक असतात! नणंदेने सांगितलं, चिमूटभर खायचा रंग नाहीतर हळद घाल. किराणावाल्याने ‘स्पेशल पिवळं बेसन’ही दाखवलं. काय करू? (कोल्हापूर)

तुमचे लाडू बरोबर आहेत. नणंदेचं ऐकू नका, आणि ते बेसन दुकानातच राहू द्या.

या प्रश्नावर मी जरा जास्त बोलणार आहे. ‘पिवळा म्हणजे शुद्ध’ ही समजूत मी इतकी वर्षं खोडते आहे, तरी ती जात नाही.

हरभऱ्याची डाळ दळली की फिकट पिवळसर पीठ मिळतं. तुपात भाजताना त्यातली प्रथिनं आणि थोडी नैसर्गिक साखर यांच्यात उष्णतेने क्रिया होते. त्यातूनच खमंग वास येतो आणि त्यातूनच तपकिरी छटा येते. भाकरीवर डाग पडतात, भाजलेल्या रव्याला रंग येतो, तेही याच क्रियेमुळे. वास आणि रंग एकाच क्रियेतून येतात, त्यामुळे एक हवा आणि दुसरा नको असं होत नाही. नीट भाजलेल्या लाडवाचा रंग बदामाच्या सालीच्या दोन पायऱ्या अलीकडे असतो. लिंबासारखा पिवळा लाडू दोनच प्रकारे होतो. एक तर बेसन पुरतं भाजलेलं नसतं, किंवा त्यात रंग असतो. पुष्कळदा दोन्ही असतं, कारण रंग टाकला की कमी भाजलेलं झाकून जातं. कमी भाजलं की गॅस वाचतो, माणसाचा वेळ वाचतो आणि तूपही कमी लागतं. पिवळेपणामागचं अर्थकारण हे असं आहे.

आता रंगाबद्दल. मिठाईत काही ठरावीक कृत्रिम रंगांना परवानगी आहे, त्यात टार्ट्राझीन आणि सनसेट यलो हे पिवळे-नारिंगी रंग येतात. मर्यादा आहे किलोला 100 मिलिग्रॅम. शंभर मिलिग्रॅम म्हणजे चिमटीच्या टोकावर मावेल इतकी भुकटी. स्वयंपाकघरात बसून हे मोजायला कुणाकडे ताजवा आहे? नणंदेची ‘चिमूटभर’ ही मर्यादा सहज ओलांडून जाईल. ही परवानगी मिठाईची आहे. बेसनाच्या बाबतीत आपले अन्नसुरक्षेचे नियम स्वच्छ सांगतात : बेसन म्हणजे सोललेल्या हरभऱ्याचं पीठ, त्यात बाहेरचा रंग नाही आणि दुसरा कोणताही पदार्थ नाही. त्यामुळे किराणावाल्याचं ‘स्पेशल पिवळं’ बेसन हा प्रकार नियमातच बसत नाही.

मला खरी भीती वाटते ती मेटॅनिल यलोची. हा कापड, कागद, चामडं रंगवायचा रंग आहे. खाण्यात त्याला अजिबात परवानगी नाही. स्वस्त आहे, कणभराने डोळ्यात भरेल असा पिवळा येतो, म्हणून तो डाळी, हळद, बेसन आणि मिठाईत पुन्हा पुन्हा सापडत आला आहे. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याचे यकृतावर आणि मज्जासंस्थेवर वाईट परिणाम दिसले आहेत. प्रयोगशाळेत मी दर वर्षी मुलींना बाजारातून सुटं बेसन आणायला सांगायची. परीक्षानळीत चमचाभर पीठ, थोडं पाणी, ढवळून वरचं पाणी दुसऱ्या नळीत, आणि त्यात हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब. बहुतेक नळ्या तशाच फिकट राहायच्या. पण एका वर्षी एका मुलीच्या नळीत जांभळट गुलाबी रंग चढला, सणाच्या रांगोळीतल्या गुलालासारखा. हळद असली तरी आम्लाने लालसर छटा येते, म्हणून आम्ही त्यात आणखी पाणी ओतलं. हळदीची छटा पाणी घातल्यावर जाते. नळीतली छटा गेली नाही, म्हणजे तो मेटॅनिल यलो होता. मुलगी रडवेली झाली. ते बेसन ज्या दुकानातलं होतं तिथूनच तिच्या घरी वर्षाचा किराणा यायचा, आणि आदल्या आठवड्यात त्याचेच लाडू होऊन धाकट्या भावाने खाल्ले होते.

हा प्रयोग घरी करू नका. चित्रफिती बघून संडास साफ करायचं आम्ल घेऊन ओट्याशी बसणारे लोक आहेत. डोळ्यात थेंब उडाला तर लाडू बाजूलाच राहील. संशय आला तर रीतसर तपासणी करून घ्या. 2006च्या अन्नसुरक्षा कायद्यात ग्राहकाला स्वतः नमुना तपासून घ्यायचा हक्क आहे. शुल्क भरावं लागतं, आणि नमुना नियमात बसत नाही असं निघालं तर ते शुल्क परत मिळण्याची तरतूद आहे. आपल्या जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात विचारा, पावती आणि उरलेलं पीठ जपून ठेवा. लोक मला पिठाचे फोटो पाठवतात. फोटोवरून मी काहीही सांगू शकत नाही.

हळदीचं म्हणाल तर हळद विषारी नाही, पण ती लाडवात घालण्याचं कारण काय? वास बिघडतो आणि कच्चेपणा झाकला जातो. मुलांना लहानपणापासून पिवळ्या लाडवाची सवय लावली की मोठेपणी ती दुकानात जाऊन पिवळाच लाडू मागतात, आणि मग दुकानदार म्हणतो, गिऱ्हाइकालाच हवा असतो. माझी कळकळीची विनंती आहे, या दिवाळीत ताटातला लाडू तपकिरी दिसला तर करणारीला बोल लावू नका.

आणि सुटं बेसन घेणं थांबवा. पाकिटावर 14 आकडी परवाना क्रमांक असतो तो बघा, आणि पाकीट उलटून घटक वाचा. पुढे मोठ्या अक्षरात ‘बेसन’ आणि मागे बारीक अक्षरात ‘वाटाणा डाळ’ असं मी स्वतः वाचलं आहे. वाटाण्याचं पीठ खाल्ल्याने काही होत नाही, पण ते बेसन नव्हे. त्याचा लाडू कितीही भाजला तरी खमंग होत नाही, आणि पैसे मात्र हरभऱ्याचे जातात.

प्रश्न : लाडू वळले तेव्हा गोल होते, सकाळी डब्यात चपटे झाले. (पुणे)

मिश्रण गरम असताना साखर घातलीत, किंवा तूप जास्त झालं. साजूक तूप साधारण आपल्या अंगाच्या उष्णतेच्या अलीकडेच वितळतं आणि ऑक्टोबरची हीट त्याला पुरते. परातीत सगळे लाडू मोडा, दोन चमचे कोरडं भाजलेलं बेसन मिसळा, चांगलं मळा आणि गार जागी तासभर ठेवून मग वळा. साखर नेहमी मिश्रण कोमट झाल्यावरच घालायची, बोट सहज ठेवता आलं पाहिजे.

प्रश्न : माळ्यावर मागच्या दिवाळीच्या लाडवांचा डबा सापडला. बुरशी नाही, नुसता जरा तेलकट वास येतोय. परत भाजून घेतले तर? (सोलापूर)

टाकून द्या. तो तुपाचा खवट वास आहे, भाजून तो जात नाही. कुणी चाखून बघितले असतील आणि पोट बिघडलं असेल तर डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : तूप शुद्ध आहे का हे ओळखायला तळहातावर चोळून बघतात, फ्रीजरमध्ये थर जमतात का बघतात, आयोडीन टाकतात. यातलं खरं काय? कणीदार तूपच चांगलं ना? (अमरावती)

यातलं एकही तुमच्या उपयोगाचं नाही. तळहातावर कमी तापमानाला वितळणारी कोणतीही चरबी वितळते. फ्रीजरमधले थर तूप कसं गार झालं त्यावर अवलंबून असतात. आयोडीनने निळा रंग आला तर पिठूळ पदार्थ, म्हणजे बटाटा-रताळ्याचा लगदा मिसळल्याचं कळतं. वनस्पती तूप किंवा पामतेल मिसळलं असेल तर आयोडीन अवाक्षर काढत नाही, आणि भेसळ बहुधा त्याचीच असते. लोक आयोडीन टाकतात, निळं झालं नाही म्हणून निर्धास्त होतात आणि तेच तूप लाडवात घालतात.

कणी तूप सावकाश गार झालं की पडते. पटकन गार केलं तर तेच तूप गुळगुळीत राहतं. रंगही फसवतो : गाईचं तूप पिवळं, म्हशीचं पांढरं, दोन्ही शुद्धच.

वनस्पतीमध्ये तिळाचं तेल मिसळणं आपल्याकडे सक्तीचं केलं होतं. ते चवीसाठी नव्हतं, तुपात वनस्पती घातली तर ती पकडता यावी म्हणून होतं. प्रयोगशाळेत आम्ल आणि फुरफुराल नावाचं रसायन घातलं की तिळाच्या तेलामुळे किरमिजी रंग येतो. ज्याने तिळाचं तेल नसलेली दुसरी चरबी वापरली तो या चाचणीतून सुटतो, म्हणून दुग्धस्निग्धांशाच्या आणखी चाचण्या कराव्या लागतात. हे काम मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचंच आहे. घरच्या सायीचं तूप कढवा. शक्य नसेल तर अॅगमार्क आणि परवाना क्रमांक असलेलं बंद तूप घ्या. बाजारभावाच्या निम्म्या किमतीत ‘गावरान साजूक’ देणारा माणूस दारात आला तर त्याला चहा पाजा, तूप घेऊ नका.

बाहेरून लाडू आणताना ‘शुद्ध तुपातले’ ही पाटी वाचून थांबू नका. कशात केले आहेत ते बिलावर लिहून मागा. सुट्या मिठाईच्या ताटाशी ‘कधीपर्यंत खावी’ ती तारीख लावायचा आदेश 1 ऑक्टोबर 2020 पासून आहे, ती पाटी दिसली नाही तर विचारा.

प्रश्न : यजमानांना 12 वर्षांपासून मधुमेह आहे. बेसनाने साखर वाढत नाही असं ऐकलं. मेडिकलच्या दुकानात ‘शुगर फ्री’ बेसन लाडू मिळतात, ते किती दिले तर चालतील? गुळाचे केले तर? (छत्रपती संभाजीनगर)

हरभरा डाळीने रक्तातली साखर सावकाश वाढते हे खरं. पण लाडवात डाळ एकटी नसते. वर दिलेल्या प्रमाणाने 1100 ग्रॅम मिश्रण होतं, त्यात 350 ग्रॅम साखर. म्हणजे 40 ग्रॅमच्या मध्यम लाडवात जवळजवळ 13 ग्रॅम, अडीच चहाचे चमचे साखर येते. उष्मांक 200च्या घरात. त्यातला मोठा वाटा तुपाचा, म्हणून साखर काढली तरी लाडू हलका होत नाही.

गूळ हीही साखरच. काळा, सेंद्रिय, कोल्हापुरी, काहीही असो.

‘शुगर फ्री’ या शब्दांचा व्यापार मला सहन होत नाही. पाकीट उलटा. कुठे खजुराचा गर असतो, कुठे मध, कुठे माल्टिटॉलसारखी गोडी, जिने साखर थोडी कमी वाढते पण वाढतेच, आणि जास्त खाल्लं तर जुलाब होतात. त्यावर दुप्पट किंमत, आणि घरच्यांच्या मनात ‘हे चालतात’ म्हणून एकाऐवजी तीन. त्यापेक्षा घरचा खरा लाडू लहान वळा आणि अर्धा द्या. तो किती, केव्हा आणि जेवणातलं काय कमी करून, हे त्यांच्या डॉक्टरांनी आणि आहारतज्ज्ञांनी ठरवायचं. तुम्ही शेवटच्या तपासणीचे आकडे लिहिलेले नाहीत. 12 वर्षांच्या मधुमेहात मूत्रपिंडं आणि डोळे तपासलेले आहेत का? दिवाळीच्या आधी भेटीची वेळ घ्या, ‘सण झाल्यावर बघू’ म्हणू नका.

प्रश्न : मुलगा सहा वर्षांचा आहे. मागच्या वर्षी बेसन लाडू खाल्ल्यावर अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले. गणपतीत भजी खाल्ल्यावर पुन्हा तसंच झालं. सासूबाई म्हणतात उष्णता आहे, थोडं थोडं दिलं की सवय होईल. या दिवाळीत अर्धा लाडू देऊन बघू का? (जळगाव)

नाही. एक कणही देऊ नका.

ही हरभऱ्याची अॅलर्जी असू शकते आणि ती आपल्याकडे दिसते. दोनदा तोच त्रास झाला, दोन्ही वेळा ओठांसकट, आणि तुम्ही एक वर्ष थांबलात. पुढच्या वेळी श्वासनलिका सुजू शकते. सवय होण्यासाठी घरी थोडं थोडं देणं हा जिवाशी खेळ आहे. तसले उपचार असतातच तर ते रुग्णालयात, तज्ज्ञांच्या समोर. सासूबाईंना हे पान वाचून दाखवा. त्या नातवाच्या वाईटावर नाहीत, त्यांना हे कुणी नीट सांगितलेलं नाही.

या आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना भेटा आणि अॅलर्जीतज्ज्ञांकडे पाठवायला सांगा. तोपर्यंत बेसन, डाळं, शेव, ढोकळा, कढी, झुणका, बाहेरची भजी, सगळं बंद. शेंगदाणा, मसूर, वाटाणा यांचं काय करायचं तेही त्यांनाच विचारा, कारण एका डाळीची अॅलर्जी कधी कधी दुसरीलाही असते. फराळाच्या ताटात चिवड्यातलं डाळं असतं हे विसरू नका, शाळेत बाईंना लेखी कळवा. पुन्हा ओठ सुजले, आवाज बसला, घरघर लागली, मूल मलूल झालं, तर घरगुती उपाय न करता 108ला फोन करा किंवा जवळचं रुग्णालय गाठा.

प्रश्न : आमच्याकडे लाखोळीची डाळ पिकते. ती हरभऱ्यात मिसळून दळलेलं बेसन स्वस्त पडतं. काही जण म्हणतात पाय लुळे पडतात, काही म्हणतात जुन्या गोष्टी. (भंडारा)

जुन्या आहेत, खोट्या नाहीत. लाखोळीत मज्जातंतूंना घातक असा एक घटक असतो. दुष्काळात किंवा गरिबीत महिनोन्महिने तीच डाळ मुख्य अन्न म्हणून खाल्ली गेली तेव्हा लोकांचे पाय कायमचे लुळे पडले. मध्य प्रदेशात रीवा भागात असे रुग्ण पुष्कळ झाले. म्हणून 1961मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. पुढे हा घटक कमी असलेल्या रतन, प्रतीक, महातिवडा अशा जाती निघाल्या, हेही खरं. पण तुमच्या पोत्यात कोणती जात आहे हे डोळ्यांनी कळत नाही.

डाळ भिजवून, ते पाणी फेकून शिजवली की हा घटक कमी होतो, पूर्ण जात नाही. बेसनात तर भिजवणं नसतंच. एका लाडवाने कुणाचे पाय जात नाहीत, ही भीतीही पसरवू नका. पण रोज झुणका, रोज कढी त्याच पिठाची असेल तर ते बंद करा. लाखोळी घातलेलं पीठ ‘बेसन’ म्हणून विकणं हा गुन्हा आहे. पायांत जडपणा, चालताना गुडघे कडक होणं असं घरात कुणाला जाणवत असेल तर मज्जाविकारतज्ज्ञांना दाखवा आणि ही डाळ खाण्यात आहे हे आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही.

प्रश्न : मुलीला डॉक्टरांनी गहू पूर्ण बंद केला आहे. बेसन चालतं ना? (चिपळूण)

हरभरा चालतो. गिरणीतलं बेसन चालत नाही, कारण तुमच्या आधी त्या जात्यावर गहू दळला गेलेला असतो आणि तो पिठात उतरतो. घरच्या घरघंटीवरही गहू दळत असाल तर तेच. ‘ग्लुटेनमुक्त’ लिहिलेलं बंद पाकीट घ्या आणि ते नाव मुलीच्या डॉक्टरांना दाखवा. लाडू आधी तिचे करा, करंज्या-शंकरपाळ्यांची परात मग काढा.

प्रश्न : आठ महिन्यांच्या बाळाला लाडवाचा चुरा दुधात कालवून दिला तर? (लातूर)

देऊ नका. दोन वर्षांपर्यंत वरून साखर घातलेलं काही नको, असंच बालरोगतज्ज्ञ सांगतात. तुमच्याही विचारा.

प्रश्न : वेळ नाही म्हणून डाळ्याच्या पिठाचे, न भाजता लाडू केले तर ते बेसन लाडूच ना? (कल्याण)

ते डाळ्याचे लाडू. चांगले लागतात, डाळं आधीच भाजलेलं असतं म्हणून कच्चेही नसतात. पाहुण्यांना बेसनाचे म्हणून वाढू नका.

प्रश्न : मुलगा मेलबर्नला आहे. कुरियरने बेसन लाडू पाठवू का? (पुणे)

आधी तिथल्या जैवसुरक्षा विभागाचे आजचे नियम मुलाला वाचायला सांगा. तुपामुळे लाडू दुग्धजन्य पदार्थात धरला जाऊ शकतो, आणि ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड याबाबत फार कडक आहेत. कुरियरवाला ‘सगळं जातं’ म्हणेल, त्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. स्वतः घेऊन जाणार असाल तर विमानतळावरच्या अर्जात खाद्यपदार्थ आहेत असं लिहा. लपवलेत तर दंड होतो. नाहीतर मुलाला तिथल्या भारतीय दुकानातून हरभऱ्याचं जाडसर बेसन आणि तूप आणायला सांगा आणि फोन चालू ठेवून त्याच्याकडून भाजून घ्या. वास फोनवर येणार नाही, तेव्हा ‘गोळा सैल झाला का, कडेने तूप सुटलं का’ एवढं दर पाच मिनिटांनी विचारत राहा.